विकिरण केलेला माल बाजारात नेताना: प्रयोजनापासून लेबलापर्यंत

मिरची पूड, हळद, वाळवलेला कांदा, डाळी, नाहीतर चाळीतला कांदा विकिरण केंद्रात (जिथे मालातून ठरावीक मात्रेत किरण सोडतात) नेऊन आणायचा म्हटलं की पहिला प्रश्न दराचा येतो. किलोला किती पडेल? प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी एक ठरवावं लागतं: हे नेमकं कशासाठी करायचं? कोंब येऊ नयेत म्हणून, कीड मारायची म्हणून की जंतूंची संख्या कमी करायची म्हणून? या उत्तरावर किरणांची मात्रा ठरते, पिशवीचं प्लॅस्टिक ठरतं, लेबलावरची ओळ ठरते आणि माल कोणत्या देशात चालेल हेही ठरतं. लेबलातल्या चुकांचं खापर छपाईवाल्यावर फुटतं, पण बहुतेक वेळा चूक त्याच्याही आधी, प्रयोजन न ठरवताच गाडी भरली तिथे झालेली असते.

बचत गट, मसाला गिरण्या, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि नव्याने निर्यातीत उतरणारे यांच्यासाठी हा क्रम लिहिला आहे.

आधी थोडं समजून घ्या

आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण वापरतात. काम नसताना हा स्रोत खोल पाण्याच्या टाकीत असतो. प्रक्रियेच्या वेळी तो वर येतो आणि मालाची खोकी त्याच्याभोवती फिरवली जातात. माल स्रोताला शिवत नाही, फक्त किरण त्यातून आरपार जातात. या किरणांची ऊर्जा (१.१७ आणि १.३३ एमईव्ही, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) अन्नाला किरणोत्सर्गी करण्याइतकी नसते. मात्रा, म्हणजे मालाने शोषलेली ऊर्जा, ग्रे या एककात मोजतात आणि १,००० ग्रे म्हणजे १ किलोग्रे. १० किलोग्रे मात्रेत जाणारी सगळी ऊर्जा उष्णता झाली तरी पाणी जेमतेम अडीच अंश तापेल. म्हणून ही थंड प्रक्रिया आहे आणि मसाल्याचा वास उडत नाही.

कायदे दोन बाजूंनी लागू होतात. केंद्र चालवणाऱ्यावर अणुऊर्जेचा कायदा आणि त्याखालचे २०१२ चे नियम लागू आहेत (१९९६ च्या जुन्या नियमांची जागा त्यांनी घेतली). तुमच्या मालावर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू आहे. कोणत्या पदार्थाला किती मात्रा चालते हे त्याखालच्या अन्नपदार्थ मानकांच्या नियमांत आहे, आणि लेबलावर काय हवं हे २०२० च्या लेबलिंग नियमांत. केंद्राचा परवाना ही केंद्राची जबाबदारी आहे, पण लेबल तुमची. 'केंद्रानेच करून दिलं' हे उत्तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

१. प्रयोजन एका ओळीत लिहून काढा

कागदावर लिहा: 'मिरची पूड, जंतुभार कमी करणे' किंवा 'तूरडाळ, कीड नष्ट करणे'. एका मालाला एकच प्रयोजन ठेवा.

विकिरणाने काय होत नाही हेही इथेच पाहून घ्या. बुरशीने आधीच तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन परवानगीच्या मात्रेत नष्ट होत नाही. बुरशी मरते, विष तसंच राहतं. कीटकनाशकांचे अवशेष, भेसळीचा रंग, खडे, खवटपणा यांतलं काहीच जात नाही. मेलेले सोंडे डाळीतच राहतात, त्यामुळे चाळणी आणि निवडणी आधीच करावी लागते. ज्या मालाचा अफ्लाटॉक्सिनचा अहवाल वाईट आला आहे, तो विकिरणाला पाठवणं म्हणजे भाड्याचे आणि प्रक्रियेचे पैसे पाण्यात.

इथिलीन ऑक्साइडची धुरी दिलेल्या मालाचंही तेच. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने याच रसायनावरून काही भारतीय मसाल्यांवर कारवाई केली, तेव्हापासून विकिरणाकडे वळणारे वाढले, आणि ते योग्यच आहे, कारण विकिरणाने मालात रासायनिक अवशेष राहत नाहीत. पण आधी धुरी देऊन नंतर विकिरण केलं तर धुरीचे अवशेष जसेच्या तसे सापडतात. कच्चा माल घेताना पुरवठादाराकडून 'धुरी दिलेली नाही, विकिरण केलेलं नाही' असं लेखी घ्या. दुसऱ्या अर्ध्या भागाचं कारण पुढे येईल.

२. वर्ग आणि मात्रा जुळवा

भारतीय नियमांत पदार्थांचे आठ वर्ग आहेत. आपल्याकडच्या लोकांना बहुधा लागणारे असे:

- कांदा, लसूण, बटाटा, आलं, हळदीचे ओले गड्डे (वर्ग १): कोंब रोखण्यासाठी ०.०२ ते ०.२ किलोग्रे.
- ताजी फळं-भाज्या (वर्ग २): पिकणं लांबवणं किंवा कीड मारणं यासाठी ०.२ ते १, टिकवणकाळ वाढवण्यासाठी १ ते २.५, निर्यातीतल्या क्वारंटाइनसाठी (मालासोबत कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून) ०.१ ते १ किलोग्रे.
- धान्य, डाळी, त्यांची पिठं, तेलबिया, काजू, सुका मेवा (वर्ग ३): किडीसाठी ०.२५ ते १, जंतुभार कमी करण्यासाठी १.५ ते ५ किलोग्रे.
- मसाले, सुक्या भाज्या, सुक्या वनस्पती, चहा-कॉफी (वर्ग ६): किडीसाठी ०.३ ते १, जंतुभारासाठी ६ ते १४ किलोग्रे.

मासळी, मांस-अंडी, वाळवलेले प्राणिजन्य पदार्थ आणि तयार अन्न यांचे वर्ग वेगळे आहेत.

मिरचीत फक्त किडीची तक्रार असेल तर एका किलोग्रेच्या आत काम होतं. 'करतोच आहोत तर जास्तच द्या' असं सांगून १० किलोग्रे मागू नका. खर्च वाढतो आणि लेबलावर लिहिलेलं प्रयोजन व दिलेली मात्रा यांचा मेळ बसत नाही.

कांद्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लासलगावच्या केंद्रात जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक वेळेची असते. काढणीनंतर कांदा काही आठवडे सुप्त असतो. माना वाळल्या, कांदा सुकला की त्या सुप्त काळातच माल केंद्रात पोचला पाहिजे. उशीर झाला तर आतला कोंब हलायला लागलेला असतो. विकिरणाने तो मरतो, पण कांदा उभा कापला की गाभ्यात तपकिरी-काळा ठिपका दिसतो. खायला धोका नसतो, तरी गिऱ्हाईक तो कांदा बाजूला काढतं. शिवाय विकिरणाने कोंब थांबतो, सड थांबत नाही. घाव लागलेला, जोड आणि ओल्या मानेचा कांदा आधी निवडून काढा. बटाट्याच्या जखमा तर विकिरणाआधीच भरून याव्या लागतात, कारण नंतर साल धरण्याची ताकद कमी होते. आणि विकिरण केलेला कांदा-बटाटा बियाण्याला चालत नाही, तो उगवणारच नाही.

३. केंद्र निवडा, परवाना डोळ्यांनी पाहा

वाशीला विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचा मसाल्यांसाठीचा प्रकल्प आहे. नवी मुंबईतच कृषी पणन मंडळाचं निर्यातीचं केंद्र आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' आहे. यांशिवाय खाजगी केंद्रंही आहेत.

विचारायच्या गोष्टी:

- अणुऊर्जा नियामक मंडळाचा चालू परवाना आणि त्याची मुदत. हाच क्रमांक तुमच्या लेबलावर जाणार आहे.
- केंद्राचा स्वतःचा एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना.
- तुमचा पदार्थ आणि तुमची मात्रा त्यांच्या परवान्यात बसते का. कांद्यासाठी बांधलेलं कमी मात्रेचं केंद्र मसाल्याला उपयोगी पडेलच असं नाही.
- निर्यात असेल तर त्या देशाची मान्यता.
- एका खेपेला लागणारा वेळ. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे स्रोताची ताकद दर वर्षी साधारण १२ टक्क्यांनी उतरते. नवा कोबाल्ट भरलेला नसेल तर त्याच मालाला जास्त वेळ लागतो. मागच्या वर्षीच्या वेळेवर गाडीचं बुकिंग करू नका.

४. पॅकिंग: शेवटच्या पाऊचमध्येच

जंतुभार कमी करायचा असेल तर माल अंतिम, सीलबंद पाऊचमध्ये भरूनच न्या. गोणीत विकिरण करून घरी उघडून भरलं, तर भरणाऱ्याच्या हातातून, चमच्यातून, हवेतून जंतू परत आत जातात.

पॉलिइथिलीन आणि पेट (पीईटी, पॉलिएस्टर) यांचे थर असलेले पाऊच साधारण चालतात. पीव्हीसी नको, ते पिवळं पडतं. साधं पॉलिप्रॉपिलीन मोठ्या मात्रेला ठिसूळ होऊ शकतं. काचेची बरणी तपकिरी पडते. मसाल्याला काही होत नाही, पण बरणी जुनी वाटते. नवं प्लॅस्टिक असेल तर आधी दहा-वीस पाऊच चाचणीला पाठवा आणि परत आल्यावर सील ओढून, घडी घालून पाहा.

मिरची पुडीची आर्द्रता ११ टक्क्यांच्या आत आणि हळद पुडीची १० टक्क्यांच्या आत ठेवा. ही मानकाची मर्यादा आहे. ओलसर पूड विकिरणानंतरही गुठळ्या धरते.

खोकी सगळी एकाच मापाची आणि एकाच वजनाची हवीत. किरण खोक्याच्या दोन्ही बाजूंनी जातात, मधल्या भागाला सगळ्यात कमी मात्रा मिळते. दहा खोकी धन्याची आणि त्यांत दोन मिरची पुडीची घुसवली, तर जड खोक्याच्या मध्यभागी किमान मात्राच पोचत नाही. वेगळा पदार्थ म्हणजे वेगळा लॉट.

कांदा-लसूण मसाल्यासारखे तेलात परतलेले, खोबरं-तीळ घातलेले मसाले मोठ्या मात्रेला लवकर खवट होण्याचा धोका असतो. त्यासाठी बरा मार्ग म्हणजे मिरची, धने, हळद हे कोरडे घटक आधी विकिरण करून आणायचे आणि मग मसाला कुटायचा. मात्र मग लेबलाचा नियम बदलतो. तो सातव्या पायरीत आहे.

५. केंद्रावर नेताना सोबत काय हवं

- तुमचा एफएसएसएआय परवाना किंवा नोंदणी.
- जीएसटी क्रमांक आणि जॉबवर्कचं डिलिव्हरी चलन.
- लॉटवार यादी: पदार्थ, लॉट क्रमांक, खोक्यांची संख्या, खोक्याचं माप आणि वजन.
- विकिरणाआधीचा तपासणी अहवाल (मसाल्याला एकूण जीवाणू संख्या, यीस्ट-बुरशी, साल्मोनेला, आर्द्रता).
- पहिल्या पायरीतली ती ओळ: प्रयोजन आणि हवी असलेली मात्रा, तुमच्या सहीनिशी.
- लेबलाचा नमुना. हा बहुतेक जण नेत नाहीत, आणि तिथेच घोटाळा सुरू होतो.

६. माल उचलण्याआधी प्रमाणपत्र तपासा

मात्रा आणि प्रयोजन लिहिलेलं प्रमाणपत्र असल्याशिवाय माल केंद्राबाहेर काढू नका. त्यावर तुमचा लॉट क्रमांक, केंद्राने दिलेला बॅच आयडेंटिफिकेशन नंबर (बिन), तारीख, मिळालेली किमान आणि कमाल मात्रा आहेत का ते गाडीशेजारी उभं राहूनच पाहा. किमान आकडा तुमच्या वर्गाच्या खालच्या हद्दीपेक्षा वर आणि कमाल आकडा वरच्या हद्दीच्या आत हवा.

खोक्यावरचा पिवळा गोल स्टिकर प्रक्रियेनंतर लाल झालेला दिसतो. तो रंग फक्त एवढंच सांगतो की खोकं आत जाऊन आलं. मात्रा किती मिळाली हे डोसिमीटरच्या (मात्रा मोजणाऱ्या साधनाच्या) नोंदींवरून कळतं. लाल स्टिकर म्हणजे पुरावा, असं समजून प्रमाणपत्र न घेता आलेला माल पुढे कुठेच सिद्ध करता येत नाही.

स्टिकर पिवळा राहिलेली खोकी वेगळी काढा आणि तिथेच केंद्राला दाखवा. गोदामात आणून मग फोन करू नका.

दुसरं म्हणजे, खास परवानगी नसताना विकिरण केलेला माल पुन्हा विकिरणाला नेता येत नाही. बाजारातून घेतलेली मिरची आधीच विकिरण केलेली निघाली, तर नकळत हा नियम मोडतो. पुरवठादाराचं लेखी म्हणून हवं.

७. लेबल

पदार्थाच्या नावाजवळच विकिरण प्रक्रिया केल्याचं लिहावं लागतं. पाठीमागे बारीक अक्षरांत ढकललेलं चालत नाही. त्यासोबत हिरवं रॅडुरा चिन्ह (विकिरण केल्याची खूण) आणि पुढच्या नोंदी:

- उत्पादनाचं नाव
- विकिरण प्रक्रियेचं प्रयोजन
- केंद्राचा ऑपरेटिंग लायसन्स क्रमांक
- केंद्राने दिलेला बिन
- प्रक्रियेची तारीख

रॅडुरा ओळखायला सोपं आहे: गोल कडं, त्याचा वरचा भाग तुटक, आत दोन पानं आणि त्यांच्या वर भरीव ठिपका. शाकाहाराचं चिन्ह वेगळं, चौकोनातला हिरवा ठिपका. दोन्ही छापायची असतात, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. पिवळ्या-काळ्या रंगाचं तीन पात्यांचं चिन्ह किरणोत्सर्गाच्या धोक्याचं आहे. इंटरनेटवर 'रेडिएशन लोगो' शोधून छपाईवाला तेच उचलतो. केंद्राकडून चिन्हाची फाइल मागून घ्या.

आता नेहमीच्या चुका.

लायसन्स क्रमांकाच्या जागी स्वतःचा एफएसएसएआय क्रमांक छापला जातो. एफएसएसएआय क्रमांक त्याच्या नेहमीच्या जागी, हा क्रमांक केंद्राचा.

बिनच्या जागी स्वतःचा लॉट क्रमांक, आणि प्रक्रियेच्या तारखेच्या जागी पॅकिंगची तारीख जाते. चार वेगळ्या नोंदी आहेत, चारही लागतात.

खरी अडचण पुढे आहे. माल सीलबंद पाऊचमध्येच न्यायचा, पण बिन आणि तारीख तर प्रक्रिया झाल्यावर कळणार. मग छापायचं कधी? दोन मार्ग आहेत. केंद्र आगाऊ तारीख आणि बिन देत असेल तर ते घेऊन छापा, पण खेप पुढे ढकलली गेली तर सगळा रोल वाया जातो. जास्त सुरक्षित मार्ग म्हणजे बाकी सगळं पाऊचवर छापून या दोन नोंदींसाठी कोरी चौकट ठेवणं, आणि माल परत आल्यावर इंकजेटने किंवा पक्क्या चिकटीच्या स्टिकरने ती भरणं. स्टिकर नखाने निघता कामा नये आणि त्याखाली दुसरी कोणतीही सक्तीची माहिती झाकली जाऊ नये. चौकट खिडकी असलेल्या किंवा चमकत्या भागावर ठेवू नका, शाई पुसली जाते. साधारण ४ सेंटीमीटर बाय २ सेंटीमीटर मोकळी, मॅट जागा सोयीची पडते.

भाषा: सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी. मराठी जरूर छापा, आपल्या गिऱ्हाइकाला ती हवीच आहे, पण फक्त मराठीवर भागवू नका.

घटक म्हणून वापर: मसाल्यातली फक्त मिरची विकिरण केलेली असेल तर घटकांच्या यादीत मिरचीपुढे तसं लिहायचं. विकिरण केलेल्या अख्ख्या हळकुंडांची पूड करून विकत असाल, तर तो एकाच घटकाचा पदार्थ आहे आणि पुडीच्या लेबलावरही प्रक्रियेचा उल्लेख हवा. दळल्याने जबाबदारी संपत नाही.

'ताजं' शब्द: जाहिरात व दाव्यांच्या २०१८ च्या नियमांनुसार १ किलोग्रेपर्यंत विकिरण केलेल्या मालाला तो चालू शकतो. आंबा, कांदा त्यात बसतील, १० किलोग्रे दिलेला मसाला बसणार नाही.

सेंद्रिय: सेंद्रिय मानकांत विकिरणाला जागाच नाही. सेंद्रियचं चिन्ह आणि रॅडुरा एका पाऊचवर येऊ शकत नाहीत. सेंद्रिय माल असेल तर वाफेच्या निर्जंतुकीकरणाकडे वळा.

चुकीचं किंवा अपुरं लेबल असलेल्या मालाला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ खाली तीन लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

८. निर्यात असेल तर दुसऱ्या देशाचा नियम आधी वाचा

भारतात १४ किलोग्रेपर्यंत मसाला चालतो, युरोपीय संघात १० पर्यंतच. तिथे सगळ्या देशांसाठी समान यादीत फक्त सुक्या सुगंधी वनस्पती, मसाले आणि भाजीपाल्याचे मसाले आहेत, शिवाय केंद्राला युरोपीय संघाची मान्यता लागते. म्हणजे १२ किलोग्रे दिलेली मिरची भारतात कायदेशीर आणि युरोपातल्या रॉटरडॅम बंदरात बेकायदेशीर. तिथे विकिरण केलेला घटक किती कमी आहे हे पाहत नाहीत, चिमूटभर असला तरी लेबलावर हवा. लपवणं जमत नाही. मसाल्यावरच्या धुळीतल्या सिलिकेट कणांत किरणांची खूण राहते आणि प्रयोगशाळा ती प्रकाश किंवा उष्णता देऊन वाचतात.

अमेरिकेत मसाल्यांना ३० किलोग्रेपर्यंत मुभा आहे. रॅडुरासोबत 'ट्रीटेड विथ रेडिएशन' किंवा 'ट्रीटेड बाय इरॅडिएशन' हे शब्द लागतात. जपानमध्ये कोंब रोखण्यासाठी बटाट्याला परवानगी आहे, मसाल्याला नाही.

आंब्याचा मार्ग २००७ मध्ये लासलगावच्या केंद्राला अमेरिकेची मान्यता मिळाल्यावर उघडला. किमान ४०० ग्रे द्यावे लागतात आणि १,००० ग्रेच्या वर जाता येत नाही. त्या मालासोबत अमेरिकी कृषी खात्याचा पीपीक्यू २०३ हा फॉर्म जातो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर भारतीय आंब्याच्या पंधरा खेपा याच फॉर्ममधल्या गडबडीवरून अडल्या आणि निर्यातदारांना माल तिथेच नष्ट करावा लागला. गाडी विमानतळाकडे निघण्याआधी फॉर्मवरची तारीख, वेळ, लॉट आणि खोक्यांची संख्या प्रमाणपत्राशी ओळ-ओळ जुळवा, आणि हे काम चालकावर सोपवू नका.

९. विक्रीच्या जागी

सुटा कांदा किंवा फळं विकत असाल तर पिशवीवरचं लेबल गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही. क्रेटवर पदार्थाचं नाव, विकिरण प्रक्रियेचा उल्लेख आणि रॅडुरा दिसेल असा फलक लावा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाचीही हीच अपेक्षा आहे. दुकानदाराला दोन वाक्यं शिकवून ठेवा: 'यात किरणोत्सर्ग उरत नाही' आणि 'कोंब येऊ नयेत म्हणून केलंय'. प्रयोजन नेमकं सांगितलं की गिऱ्हाईक सहसा घाबरत नाही.

प्रत्येक लॉटची एक फाइल ठेवा: पुरवठादाराचं लेखी, आधीचा अहवाल, चलन, प्रमाणपत्र, नंतरचा अहवाल आणि त्या लॉटचं एक खरं पाऊच, सील न तोडता. तक्रार आली की आधी ते पाऊच मागतात.